ओताकार ह्रुश्का यांनी न पाहिलेला डबा

ओताकार ह्रुश्का यांनी चौतीस वर्षे रोज सकाळी सात वाजता ऑर्लित्से नदीची उंची वाचली. ब्रोदिश्कोच्या बंधाऱ्यापाशी काठावर जी छोटी बाग आहे, तिच्या टोकाला नऊ दगडी पायऱ्या पाण्याकडे उतरतात. शेवटच्या पायरीजवळ भिंतीला सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी ठोकलेली आहे. ती वाचायची, आकडा वहीत लिहायचा आणि सूतगिरणीच्या फाटकावरच्या फोनवरून जिल्ह्याच्या जलकचेरीला कळवायचा, हा त्यांचा क्रम. गिरणीत ते यंत्रदुरुस्ती करीत. त्यांचे पोट त्या कामावर चाले. नदीचे काम त्यांनी तेविसाव्या वर्षी, आधीचा वाचक गाव सोडून गेला म्हणून, तात्पुरते पत्करले होते.

त्यांच्याविषयी गावात एकच गोष्ट सांगितली जाते, आणि ती १९७८ च्या डिसेंबरातली आहे. त्या पहाटे बंधाऱ्याखाली बर्फ चढून पट्टी पूर्ण झाकली गेली होती. ह्रुश्कांनी कुदळीने बर्फ फोडून पाहिला, पण पट्टीच तुटेल अशी भीती वाटल्यावर ते थांबले आणि कचेरीला ‘दिसले नाही’ एवढेच कळवले. पलीकडच्या कारकुनाला कोष्टकातली रिकामी चौकट सोसवेना.

“अहो ह्रुश्का, परवा चौऱ्याऐंशी होतं, काल त्र्याऐंशी. आजही त्र्याऐंशी टाका आणि मोकळे व्हा!”

“टाका ना तुम्ही. फक्त माझ्या नावापुढे नको.”

त्या वर्षीच्या छापील कोष्टकात ब्रोदिश्कोच्या रकान्यात एक आडवी रेघ आहे. ह्रुश्कांना त्या रेघेचा अभिमान होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण आपल्या नावापुढे जे लिहिले आहे ते आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे, ही त्यांची एकमेव मिरास होती आणि ती त्यांना ठाऊक होती. पत्नी लवकर गेली, गिरणी बंद पडली, घराचा वरचा मजला भाड्याने द्यावा लागला; या कशाहीबद्दल ते फारसे बोलत नसत. पण कुणी ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगू लागला की ते शांतपणे विचारीत, “तू होतास का तिथे?”

२००१ मध्ये भिंतीवर स्वयंचलित यंत्र बसले आणि जलकचेरीने त्यांना आभाराचे पत्र पाठवले. ते दुसऱ्या दिवशी सात वाजता पायऱ्यांवर हजर होतेच. काम उरले नव्हते, सवय उरली होती. कारणावाचून नदीकाठी उभ्या राहणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात हे त्यांना तीन वर्षे जाणवत राहिले. २००४ च्या ऑगस्टात, त्यांच्या नामदिनाला, म्हणजे दिनदर्शिकेत ज्या तारखेपुढे त्यांचे नाव छापलेले असते त्या दिवशी, ब्रनोहून आलेल्या मुलीने, ब्लांकाने, त्यांना अक्षांश-रेखांश दाखवणारे हातात मावेल असे यंत्र भेट दिले आणि जिओकॅशिंगचा खेळ समजावून सांगितला. कुणीतरी डबा लपवतो, त्या जागेचे आकडे संकेतस्थळावर देतो. लोक शोधत येतात, डब्यातल्या वहीत सही करतात, डबा होता तसा ठेवतात आणि घरी जाऊन संकेतस्थळावर नोंद करतात.

“म्हणजे माणूस तिथे होता हे वहीवरून कळतं?” ह्रुश्कांनी विचारले.

“हो ना, बाबा. सही नसेल तर शोध धरतच नाहीत.”

“मग बरा आहे हा खेळ.”

महिन्याभरात त्यांनी स्वतःचा डबा लपवला. पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीत, वरून सातव्या पायरीच्या उंचीवर, एक दगड सुटा होता. तो ओढला की मागे हातभर पोकळी. तिच्यात रबरी कडेच्या झाकणाचा डबा, डब्यात जाड वही आणि पेन्सिल. डब्याला नाव दिले ‘जलमापक’. संकेतस्थळावरच्या वर्णनाखाली त्यांनी एक विनंती जोडली: सही करताना त्या वेळची पाण्याची उंची पट्टीवर वाचून सहीशेजारी लिहावी. अशी अट घालता येत नाही, नियमात बसत नाही, म्हणून विनंती. लोकांनी ती बहुतेक पाळली. अशा रीतीने ब्रोदिश्कोची नदी पुन्हा माणसांकडून वाचली जाऊ लागली, आणि ह्रुश्का संध्याकाळी घरी बसून ते आकडे स्वयंचलित यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहू लागले.

आमच्या भागात हा खेळ किती रुजला आहे हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. प्रत्येक चॅपेलमागे, जंगलातल्या प्रत्येक चौफुलीवर, रेल्वेच्या पुलाखाली डबा असतो. खेळणारे स्वतःला ‘बदके’ म्हणवतात, एकमेकांना अरेतुरे करतात आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ‘कार्प’ नावाच्या बियरच्या खानावळीत जमतात. त्यांच्यात दोन संकेत कायद्याहून कडक आहेत. पहिला, डबा नेमका कुठे आहे हे संकेतस्थळावरच्या नोंदीत कधीही लिहायचे नाही. पुढच्याचा आनंद जातो. दुसरा, मालकाने शोधणाऱ्यावर नजर ठेवायची नाही. कुणी यंत्र हातात धरून बागेत शिरले की ह्रुश्का बाकावरून उठत आणि पाठ फिरवून पुलाकडे चालू लागत. पुढे जे झाले ते दोन वर्षे उघडकीला आले नाही, याचे कारण हेच दोन संकेत. सगळे जण ते काटेकोरपणे पाळत होते.

२०१५ च्या नोव्हेंबरात ह्रुश्कांच्या उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. ते काठी घेऊन बागेपर्यंत जाऊ लागले, पण पायऱ्या उतरण्याला डॉक्टरांनी मनाई केली. ते वरच्या लोखंडी बाकावर बसून दुर्बिणीने पट्टी वाचू लागले. अशातच कुणीतरी नोंद केली की वही दमट झाली आहे, आणि संकेतस्थळावर ‘जलमापक’च्या नावापुढे नट-बोल्ट पिळायच्या पान्याची खूण उमटली. मालकाने जाऊन डबा पाहावा, नीट करावा आणि तशी नोंद करावी, असा त्या खुणेचा अर्थ. ह्रुश्कांना ती खूण डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी वाटली.

हिनेक वोंद्रा म्हणाला, “मी जातो. वही बदलतो. काय अवघड आहे त्यात?”

हिनेकला गावात कुणीच अहोजाहो करीत नाही. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून त्याने उभी हयात काढली. ह्रुश्कांहून आठ वर्षांनी लहान, गोल, बोलका, आणि या खेळातला जिल्ह्यातला मातब्बर. तेव्हा त्याचे चार हजारांवर शोध झालेले होते. ‘जलमापक’ त्याने २००५ मध्येच शोधला होता. डब्याच्या झाकणावरचे नावही त्याच्याच हस्ताक्षरातले, कारण ह्रुश्कांचे अक्षर वाईट.

१९ जानेवारीला दुपारी त्याचा फोन आला. “झालं काम. सगळं ठीक आहे. झोप निवांत.”

ह्रुश्कांनी संकेतस्थळ उघडले आणि अकरा वर्षे प्रत्येक तपासणीनंतर जे टंकले होते तेच टंकले: ‘डबा जागेवर. वही कोरडी. स्वतः पाहिले.’ शेवटचे दोन शब्द उमटल्यावर त्यांचा हात थांबला. ही गोष्ट त्यांनी पुढे स्वतःच सांगितली. ते शब्द खोडावेत असे त्यांना वाटले. मग वाटले, हिनेकचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत, आणि पान्याची ती खूण आजच्या आज गेलेली बरी. त्यांनी नोंद पाठवून दिली.

नंतर दोन वर्षे तीन महिने सगळे सुरळीत होते. लोक येत, नोंदी पडत, उंचीचे आकडेही कुणी कुणी संकेतस्थळावर लिहीत. कधी कधी ह्रुश्कांना बागेत शिरताना लांबून दिसे की कुणी बाकाखाली हात घालून चाचपत आहे. यंत्र चार-पाच मीटर चुकते हे त्यांना माहीत होते. बिचारे चुकीच्या जागी शोधताहेत, असे मनात म्हणत ते नेमाप्रमाणे पाठ फिरवून पुलाकडे जात.

२०१८ च्या एप्रिलात, अकरा तारखेला, पार्दुबित्सेच्या इस्पितळात परिचारिका असलेल्या नेला नावाच्या मुलीने नोंद केली. ‘सुंदर जागा. पण मला दोन डबे सापडले. लहानात पुष्कळ सह्या आहेत. मोठ्यात २०१६ पासून माझ्याआधी दहाच. खरा कोणता? मालकांनी कृपया पाहावे.’ दुसऱ्या दिवशी पान्याची खूण पुन्हा उमटली आणि संकेतस्थळाच्या स्वयंसेवक तपासनिसाची सूचना आली: मालकाने स्वतः जागेवर जाऊन तीस दिवसांत खुलासा करावा, अन्यथा डबा कायमचा बंद करण्यात येईल. कायमचा बंद झालेला डबा पुन्हा उघडत नाही, हे आमच्यात सगळ्यांना माहीत असते.

ह्रुश्कांनी हिनेकला दुपारच्या जेवणाला बोलावले. हिनेक आला, दारात बूट काढून पाहुण्यांच्या सपाता पायात घातल्या आणि बटाट्याच्या सुपाचा वास घेत बसला. सुपात ह्रुश्कांनी वाळवलेली अळंबी सढळ हाताने घातली होती.

“हिनेक, त्या जानेवारीत तू काय पाहिलंस?”

“कुठल्या जानेवारीत?”

“माझ्या खुब्याच्या.”

“डबा पाहिला. सांगितलं नव्हतं का मी?”

“कुठला डबा?”

“आता डब्यांना काय आडनावं असतात का, ओता?”

“माझ्या डब्यावर नाव आहे. तुझ्याच अक्षरात. ते वाचलंस?”

हिनेकने चमचा सुपात फिरवला. तोंडापर्यंत नेला नाही.

“दगड हललाच नाही रे,” तो म्हणाला. “दोन्ही हातांनी ओढला, पेचकस घालून पाहिला. शरदात नगरपालिकेचे गवंडी भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरून गेले होते ना? मला वाटलं, तो दगडही बसवला त्यांनी. तू नुकताच टाके काढून आलेला. आता फोनवर काय सांगू, तुझा डबा भिंतीत चिणलाय म्हणून?”

“हो. हेच सांगायचं.”

“तुला सांगायला सोपं आहे.”

“मग तू काय केलंस?”

“माझ्या खिशात फिल्मची एक डबी होती, लोहचुंबकवाली. बाकाखाली लावली. कागदाची गुंडाळी घातली. म्हटलं, उन्हाळ्यात तू बरा झालास की सांगू. मग उन्हाळा गेला.” तो थोडा थांबला. “आणि खरं सांगू? चार हजार डबे शोधलेला माणूस. गावातल्या बागेत, घरापासून दोनशे पावलांवर, आधी एकदा सापडलेला डबा सापडत नाही म्हणतो! ‘कार्प’मधल्या त्या स्लावोयने मला वर्षभर चघळलं असतं.”

ह्रुश्कांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, “मी रोज त्या बाकावर बसतो.”

“माहीत आहे.”

“दोन वर्षं डबीवर बसलोय मी.”

“लोक मला म्हणायचे, मालक फार निष्ठेने राखण करतो.”

हिनेकला हसू फुटले. ह्रुश्कांना आले नाही. सूप गार झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघे बागेत गेले. डॉक्टरांची मनाई ह्रुश्कांना तोंडपाठ होती, पण सूचनेत ‘स्वतः’ हा शब्द होता आणि त्यांच्या लेखी त्या शब्दाला डॉक्टरांहून अधिक वजन होते. हिनेक पुढे, पाण्याकडे पाठ करून, एकेक पायरी मागे उतरत होता. ह्रुश्का एक हात भिंतीला, एक हिनेकच्या खांद्यावर ठेवून.

“पडलास तर मीच खाली येणार,” हिनेक म्हणाला.

“मऊ पडेन.”

सातव्या पायरीवर ह्रुश्कांनी दगडाला हात घातला आणि तो खणासारखा बाहेर आला. सिमेंट शेजारच्या सांध्यात होते. या दगडाला गवंड्यांनी हातही लावलेला नव्हता. जानेवारीत फटीत पाणी गोठून त्याने दगड धरून ठेवला होता, एवढेच. बर्फाने पट्टी झाकली तेव्हा जो माणूस ‘दिसले नाही’ म्हणाला होता, त्याच्या वतीने दुसऱ्याने बर्फापाशीच अडून ‘सगळं ठीक’ म्हटले होते. हे बोलून दाखवण्याची गरज दोघांपैकी कुणालाच वाटली नाही.

डबा कोरडा होता; तेव्हा दमट झालेली वहीही केव्हाच वाळली होती. वहीत त्या जानेवारीनंतरच्या सह्या अकरा, शेवटची नेलाची. वर्णन नीट वाचून, पायऱ्या मोजून, दगडापर्यंत पोचलेली अकराच माणसे. संकेतस्थळावर त्याच काळातल्या नोंदी एकशे त्रेसष्ट होत्या; बाकीचे सगळे बाकापाशीच थांबले होते. ह्रुश्कांनी वाकून पट्टी वाचली, वहीत ‘७४’ लिहिले, सही केली. वर येऊन ते बाकावर बसले. हिनेकने बाकाखाली हात घालून डबी काढली आणि खिशात टाकली.

“झालं,” तो म्हणाला. “आता लिही, दुसरी डबी सापडली, काढून टाकली, मूळ डबा ठीक. सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही.”

“आणि एकोणीस जानेवारीची नोंद?”

“तिला कोण विचारतंय?”

“ती माझ्या नावावर आहे. ‘स्वतः पाहिले’ असं आहे तिच्यात.”

“दोन शब्द आहेत, ओता!”

“चौतीस वर्षं मी रोज एकच आकडा लिहीत होतो. तोही लहानच होता.”

हिनेक उठला, चार पावले गेला, परत आला. “बरं, लिही. पण तीन तारखेनंतर लिही. एवढं माझ्यासाठी कर.”

तीन मे हा महिन्याचा पहिला गुरुवार होता. हिनेकने मार्चमध्ये पाच हजारावा शोध पूर्ण केला होता आणि ‘कार्प’मध्ये त्याचा सत्कार ठरला होता. स्लावोयने, जो पेशाने सुतार आहे, त्याच्यासाठी लिंडनच्या लाकडाचे बदक कोरले होते. ते ज्येष्ठ म्हणून ह्रुश्कांच्या हस्ते द्यायचे होते. तपासनिसाची मुदत बारा मेपर्यंत होती. म्हणजे हिनेक मागत होता ते मुदतीत बसत होते, आणि ह्रुश्कांच्या आयुष्यात तेव्हा रोज दार वाजवून येणारा हिनेकशिवाय दुसरा कुणी नव्हता.

“तीन आठवडे थांबलास तर नदी उलटी वाहणार आहे का?” हिनेक म्हणाला.

“मला आता माहीत झालंय. आजपासून ती नोंद मी जाणूनबुजून ठेवलेली ठरेल.”

“म्हणजे मला सगळ्यांपुढे नागडा करणार तू.”

“तुझं नाव कशाला घालू? ‘मी’ म्हणून मी लिहिलं होतं.”

“लोकांना काय कळत नाही? खुबा तुझा मोडला होता. मग गेला कोण, पोप?”

हिनेक पुलावरून निघून गेला. त्या संध्याकाळी ह्रुश्कांनी लिहिले:

‘आज डबा जागेवर पाहिला. वही कोरडी. उंची ७४. बाकाखाली दुसरी डबी होती, ती काढली आहे. १९ जानेवारी २०१६ च्या माझ्या नोंदीत “स्वतः पाहिले” असे आहे. ते खरे नाही. मी त्या दिवशी पायऱ्या उतरलो नव्हतो. त्यामुळे दोन वर्षे तीन महिने शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली. चूक माझी. ओताकार ह्रुश्का.’

टोपणनावाऐवजी पूर्ण नाव लिहिण्याची पद्धत आमच्यात नाही. तपासनिसाने दोन दिवसांत पान्याची खूण काढली आणि डबा वाचला. पण हिनेक आला नाही. तीन आठवडे ह्रुश्कांच्या दारापाशी पाहुण्यांच्या सपाता जागच्या जागी राहिल्या. ब्लांकाने फोनवर विचारले, “बाबा, हिनेककाका बरे आहेत ना?” तेव्हा ते म्हणाले, “मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही त्याला.”

तीन मेला ‘कार्प’मध्ये आम्ही तिसेक जण होतो. गुलाशचा घमघमाट होता, टेबलावर लाकडी बदक उभे होते आणि हिनेक भिंतीकडच्या कोपऱ्यात, अर्ध्या ग्लासाशी, कधी नव्हे तो गप्प बसला होता. ह्रुश्का काठी टेकत आले तसा स्लावोय ओरडला:

“या, या! चौतीस वर्षं नदी मोजली आणि दोन डबे मोजता आले नाहीत!”

“दोन होते हे कळल्यावर मोजले,” ह्रुश्का म्हणाले.

“आणि आमच्या नोंदींचं काय? मी स्वतः ती बाकाखालची डबी शोधली. नियमाने बघितलं तर आमचे शोध खोटे. खोडणार का आता? दीडशे लोकांना रडवणार?”

“अरे, बसून बसून आजोबांचाच दगड झाला,” मागून कुणीतरी म्हणाले.

“स्वतः पाहिले म्हणे! दुर्बिणीतून पाहिलं असेल!”

हसू पसरले. त्यात दुष्टावा नव्हता; ‘कार्प’मध्ये सगळ्यांची अशीच टर उडते. पण ह्रुश्का ज्या तऱ्हेने हातातल्या टोपीची कड सारखी करीत उभे होते ते पाहवत नव्हते. बाकीच्या प्रत्येकाची टर तो कशात कच्चा आहे यावरून उडे. ह्रुश्का कच्चे असतील अशी एकच गोष्ट आजवर कुणाला सापडलेली नव्हती, आणि आता ती सापडली होती, त्यांच्याच सहीनिशी. त्यांनी बदक उचलले आणि सत्काराचे दोन शब्द बोलण्यासाठी घसा साफ केला.

“थांब, ओता,” हिनेक उठत म्हणाला. “ते आत्ता देऊ नकोस.”

“ठरलंय ना द्यायचं?”

“स्लावोय, ती डबी माझी.” हिनेकचा चेहरा त्याच्या जुन्या गणवेशाच्या टोपीसारखा लालभडक झाला होता. “मला दगड हलवता आला नाही. बर्फ धरला होता, मला वाटलं सिमेंट. पाच हजारवाल्याला बर्फ ओळखता आला नाही. मी डबी लावली आणि याला फोनवर खोटं सांगितलं. याने माझ्यावर विश्वास ठेवला, हीच याची चूक. आता हसा.”

मग स्लावोय म्हणाला, “म्हणजे घरापासून दोनशे पावलांवर?”

“एकशे नव्वद,” हिनेक म्हणाला. “मोजलीत मी.”

मग जे हसले गेले ते वेगळे होते. त्यात हिनेकही सामील झाला, थोडा उशिरा. ह्रुश्का मात्र हसले नाहीत. “सगळी चूक तुझी नाही,” ते म्हणाले. “विश्वास ठेवला ते ठीक. ‘स्वतः’ लिहिलं ते नाही. आता हे घे, हात दुखायला लागला माझा.”

हिनेकने बदक घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉफीचा एक पत्र्याचा डबा घेऊन ह्रुश्कांच्या दारात आला. सपाता घालून स्वयंपाकघरात गेला आणि डबा टेबलावर उपडा केला. आत कागदाच्या बारीक गुंडाळ्या होत्या: फिल्मच्या डबीतला कागद भरला की तो गुपचूप बदलत असे, आणि भरलेले कागद फेकायला त्याचा हात धजला नव्हता. तिकिटे तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला सह्या असलेला कागद फेकवत नाही. बहुतेक सह्यांशेजारी, विनंतीप्रमाणे, पाण्याची उंची होती.

चार दिवस दोघे ते आकडे स्वयंचलित यंत्राच्या नोंदींशी ताडत बसले. हिनेक वाचे, ह्रुश्का खूण करीत. एकशे बावन्न सह्यांपैकी एकशे सव्वीस जणांचे आकडे बरोबर होते, एखाद्या सेंटिमीटरचा फरक सोडता. चौदा जणांनी आकडा लिहिलाच नव्हता. बारा जणांचा आकडा नदीने त्या दिवशी कधीच गाठलेला नव्हता.

“हे बारा खोडायचे?” हिनेकने विचारले. “त्यात स्लावोय आहे बरं का. एकशे दहा लिहिलंय, पाणी होतं बासष्ट.”

ह्रुश्कांनी कागद डोळ्यांजवळ धरून स्लावोयची सही पाहिली. “सही आहे. म्हणजे बागेत आला होता. शोध राहू दे.” मग त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर तारखांसकट एकशे सव्वीस आकडे उतरवून घेतले, आणि स्लावोयच्या आकड्याच्या जागी एक आडवी रेघ मारली.

एकही नोंद खोडली गेली नाही. संकेतस्थळावर ह्रुश्कांनी कारण एका ओळीत दिले: शोधणारे जागेवर आले होते, जागा चुकली ती मालकाची.

तेव्हापासून ‘जलमापक’ची देखभाल दर तिमाहीला होते. हिनेक पायऱ्या उतरतो, दगड ओढतो, डबा उघडतो आणि वर बाकावर बसलेल्या ह्रुश्कांना ओरडून सांगतो. ह्रुश्का चार-चारदा खात्री करून घेतात. पलीकडच्या काठावरून जाणाऱ्यांना दोन म्हातारे भांडत आहेत असे वाटते.

“वही?”

“कोरडी!”

“हात लावून बघितलीस?”

“गालाला लावून बघितली, ओता!”

मग संकेतस्थळावर नोंद पडते: ‘डबा जागेवर. वही कोरडी. पाहिले हिनेक वोंद्रा यांनी. लिहिले ओताकार ह्रुश्का यांनी.’